चौकटीवरची चौथी खूण

सगळं सामान बांधून झालं, पण स्वयंपाकघराच्या चौकटीला मी कुणाला हात लावू दिला नाही. घरमालक गुरप्पा दोनदा विचारून गेले होते. "बाई, चौकटीला तेलपाणी करू का? नवे भाडेकरू यायलेत." दोन्ही वेळा मी म्हटलं, आम्ही गाडीत बसलो की करा.

त्या चौकटीच्या उजव्या अंगाला पेन्सिलीच्या रेघा आहेत. मुलांच्या उंचीच्या. नव्या माणसाला वाटेल, या घरात वीस-पंचवीस मुलं वाढली. वाढतेय ती एकच, आमची कुमू, आणि तिची रेघ अजून कडीपर्यंतसुद्धा पोचलेली नाही. बाकीच्या सगळ्या रेघा यांच्या फुटबॉलच्या मुलांच्या. त्यांतल्या तीन सोमशेखरच्या, तीन वर्षांच्या तीन. चौथी असायला हवी होती, ती नाही. ती का नाही, हे मला एकटीला माहीत होतं. त्याच्या आईला, ईरम्माला, माहीत नव्हतं आणि यांनाही नव्हतं.

आदल्या दिवशी ईरम्मा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "अक्का, जायच्या आधी एकदा येऊन त्या खुणा बघून जाऊ का?" मी हो म्हटलं. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? तीनच्या गाडीनं आम्ही उदगीरला जाणार होतो. हैदराबाद राज्य मोडून छप्पन्नच्या नोव्हेंबरच्या एक तारखेपासून भालकी म्हैसूर राज्यात आणि उदगीर मुंबई राज्यात. मराठी शाळांच्या मास्तरांनी ज्याचं त्याचं राज्य मागून घेतलं होतं. दोन वर्षं जे तिला सांगितलं नव्हतं ते सांगायचं तर आजच, नाहीतर कधीच नाही.

माझे यजमान अच्युतराव शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी फुटबॉल. एक्कावन्न साली मी लग्न होऊन भालकीला आले. माझ्या ट्रंकेत इंटरची पुस्तकं होती आणि यांच्या ट्रंकेत हवा सोडलेला चामड्याचा बॉल. हैदराबादला कॉलेजात असताना यांना ते वेड लागलं होतं. सायकलच्या पंपानं बॉल फुगवायचे, तोंडाची वादी दातांत धरून आवळायचे आणि मला म्हणायचे, "बघ, कसा टणक झाला." मी काय बघणार! पण बघायचे.

तालुक्यात मुलांच्या सामन्यांना वयाची अट घालून उपयोग नव्हता, कारण वय कुणालाच ठाऊक नसायचं. एकाची आई सांगे, प्लेगच्या साली झाला. दुसरी म्हणे, रझाकारांच्या आधी दोन आखाड. शाळेच्या रजिस्टरात निम्म्या मुलांचा जन्म एक जूनचा. म्हणून आमच्याकडे काठी होती. दोन बांबूंच्या मधे अठ्ठावन्न इंचांवर आडवी बांधलेली वेताची काठी. डोकं न लागता जो तिच्याखालून जाईल तो खेळेल, लागलं तो बाद. लोक त्याला काठीखालचा फुटबॉलच म्हणत.

मग काय, काठीच्या आदल्या दिवशी न्हाव्याकडे रांग. मुलं गोटा करून यायची. शाळेचा शिपाई हावगेप्पा, बॉल आणि पाण्याची घागर वाहणारा, त्याचं तर शास्त्रच होतं. "सकाळी माणूस लांब असतंय अन् सांजच्याला बुटकं. दोन घंटे जवारीचं पोतं डोक्यावर घेऊन फिरा रं पोरांनो, अर्धा इंच तर कुठं गेला न्हाई." आणि मुलं खरंच पोती घेऊन फिरायची.

यांना त्याचं हसू येई, पण दुःख वेगळं होतं. दोन-तीन वर्षं जीव ओतून शिकवलेला मुलगा जेमतेम खेळायला लागला की डोकं काठीला लागायचं. दरवर्षी दिवाळी झाली की हे मुलांना घरी बोलावून आमच्या चौकटीला उभं करत, डोक्यावर पट्टी ठेवून रेघ मारत, आणि एखादी रेघ अठ्ठावन्नच्या वर गेली की गप्प होत. मुलगा वाढला म्हणून वाईट वाटणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

सोमशेखर वाढत नव्हता.

ईरम्मा आमच्या मागच्या गल्लीत राहायची. नवरा लवकर गेलेला. खानावळीला आणि बाजारकऱ्यांना कडक भाकरी करून द्यायची; सकाळपासून तिच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. सोम्या तिचा एकुलता एक. पहिल्या वर्षी त्याची रेघ पडली तेव्हा तो बाराएक वर्षांचा असेल. उजव्या कडेनं असा पळायचा की काळ्या मातीची धूळ त्याच्या मागून उठायची आणि तो पुढे निघून गेलेला असायचा. दुसऱ्या वर्षी रेघ दोन बोटं वर गेली. तिसऱ्या वर्षी, म्हणजे त्रेपन्नच्या दिवाळीत, हे वाकून वाकून बघायला लागले. दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेत जवारीचा एक दाणा मावेल एवढीच जागा.

"पुन्हा उभा राहा." हे म्हणाले. तो पुन्हा उभा राहिला. तेवढाच.

हावगेप्पानं टाळी दिली. "सोम्या, देव तुला वाढवायचं इसरला काय रं?"

"न्हाई मामा," सोम्या म्हणाला, "मास्तरांनी वर अर्जी दिलीया."

सगळी मुलं हसली. हेही हसले. त्याच्या बरोबरीची तीन मुलं त्याच दिवशी काठीच्या वर गेली होती आणि रडवेली होऊन अंगणात बसली होती. पण सोम्या उरला होता. तीन वर्षांचं शिकलेलं अंगात आणि उंची दुसरीतल्या पोराला शोभेल अशी. यांनी त्याला कप्तान केलं. मी शेंगदाण्याचे लाडू वाटले.

लाडू वाटले, हे मला विसरता येत नाही. कुमू तेव्हा पोटात होती... नव्हे, झाली होती, सहा महिन्यांची होती. तिची वाढ मी आठवड्याला बघायची. दोऱ्यानं लांबी मोजायची, कानाला गार लागेल म्हणून टोपी, दूध किती ओकली, शी कोणत्या रंगाची. बोट-बोटभर बघणारी बाई मी. आणि माझ्याच दारात एक मूल वर्षभरात जवारीच्या दाण्याएवढं वाढलं, तर मी लाडू वाटले.

तेव्हा नाही कळलं. पण पुढच्या वर्षी मला कळलं होतं.

चौपन्नच्या पावसाळ्यानंतर सोम्या कडेनं पळेना. मधेच, समोरच्यांच्या गोलाजवळ उभा राहायचा. यांनी त्याला झापलं. "आळशी झालायस तू. कप्तान ना?" तो म्हणायचा, "गुरुजी, तुम्हीच म्हणता ना, बॉलला दम लागत न्हाई, त्याला पळू द्या." आणि खरंच तो उभ्या जागेवरून असा पास द्यायचा की यांचा राग निघून जायचा. बाकीचे पळायचे, तो त्यांना पळवायचा. हे मला सांगायचे, "डोकं आलंय त्याला. खेळ डोक्यात आला की पाय थांबतात."

मी अंगणातून मैदान बघायची. नुसती बुटकी भिंत मधे. मी बघितलं, खेळ थांबला की तो कडुनिंबाखाली उकिडवा बसतो आणि बरगडीवर हात दाबून धरतो. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे. संध्याकाळी घरी पाणी प्यायला यायचा तेव्हा दोन घोटांच्या मधे थांबायचा. आणि खोकायचा. बारीक, कोरडं.

माझी थोरली बहीण उदगीरला क्षयानं गेली. तो खोकला मी लहानपणी भिंतीपलीकडून दोन वर्षं ऐकला होता. मी मनाशी म्हटलं, हे तेच.

त्यानंतर मी काय केलं, ते लिहिते. मी यांना सांगितलं नाही. ईरम्माला सांगितलं नाही. मी दुसऱ्या दिवशी बाजारातून एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला आणला आणि मागच्या दाराबाहेर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. सोम्या पाणी मागायला आला की त्यात ओतून द्यायची. तोवर तो घरातल्या फुलपात्रानं प्यायचा. आमच्याकडे त्याच्या-आमच्यात भांड्यांचा भेद यांनी कधी ठेवला नव्हता. सासूबाई असत्या तर सोवळं म्हणून तरी खपलं असतं. पहिल्या दिवशी त्यानं पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पाणी प्यायला, पेला विसळला आणि कट्ट्याच्या पार टोकाला पालथा घातला. मी न सांगता. त्यानंतर कुमूला घ्यायला त्यानं हात पुढे केला नाही. कुमूच त्याच्याकडे झेपावायची. तो लांबूनच टाळ्या वाजवून दाखवायचा.

मला वाटायचं, यांना सांगितलं तर त्याला संघातून काढावं लागेल. यांनी इतकी वर्षं ज्या कपासाठी जीव टाकला तो त्याच वर्षी मिळण्यासारखा होता. मला वाटायचं, ईरम्माला सांगितलं तर उद्या गावात बोभाटा होईल, तिची भाकरी कुणी घेणार नाही. अशी कारणं पुष्कळ होती, आणि खोटी नव्हती. पण मूळ कारण एकच होतं. कुमू लांब राहिली की माझं काम झालं होतं.

दिवाळी झाली. मुलं मोजून घ्यायला आली. सोम्या त्या दिवशी तापानं पडला होता. तो दोन दिवसांनी एकटा आला, हे शाळेत असताना. मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"अक्का, माझी खूण राहिलीया. आत येऊ का?"

कुमू चौकटीजवळच चटईवर निजली होती. मी दारात आडवी उभी राहिले. हसून म्हटलं, "तुझं काय मोजायचं रे? तू वाढतोस थोडाच!"

"व्हय की," तो म्हणाला. तोही हसला. "मी काय वाढायलोय." पाणी प्यायला, पेला विसळून पालथा घातला आणि गेला.

रात्री जेवताना यांनी विचारलं, "सोम्याला मोजलंस?"

"मोजलं. तेवढाच आहे."

"बघ!" हे म्हणाले. एवढे खूष झाले.

आता यांनी मुलांना शिकवलेली एक खोड सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपला गोल जास्त असेल आणि वेळ थोडा उरला असेल, तर एकानं पोटरी धरून मैदानात बसायचं. "गोळा आला, गोळा आला" म्हणून ओरडायचं. हावगेप्पा घागर घेऊन निघणार, आणि तो असा निघायचा की सासरी चाललेली पोर परवडली. तेवढ्यात दोन मिनिटं जातात. आमच्याच अंगणात हे मुलांना ती तालीम द्यायचे. कोण चांगला लोळतो यावर पैजा लागायच्या. सोम्याला ते कधी जमलं नाही. पोटरी धरून बसला की त्याला हसूच फुटायचं.

डिसेंबरात शेवटचा सामना, भालकी आणि खटकचिंचोळी, आमच्याच मैदानावर. काठीखालून सगळे गेले. सोम्या गेला तेव्हा डोकं आणि काठी यांच्या मधे ओंजळ मावेल एवढी जागा होती आणि लोक ओरडले, "बुटका नवाब आला रे!" बायका निंबाखाली बसल्या होत्या. मी कुमूला मांडीवर घेऊन. ईरम्मा आली नव्हती, बाजाराचा दिवस होता.

बिदरहून रेफरी यायचे होते. त्यांची मोटार वाटेत बंद पडल्याचा निरोप आला. नियम ठाऊक असलेला दुसरा माणूस तालुक्यात एकच, आमचे हे. खटकचिंचोळीचे लोक उठले. "वा! पोरं तुमची, शिट्टीबी तुमचीच? मग कप कशाला मांडलाव, घरीच न्या की."

यांचा चेहरा लाल झाला. सगळ्यांच्या समोर म्हणाले, "आजच्या पुरता मी यांचा मास्तर नाही. माझ्या पोरांना तिळाएवढी सूट दिली तर शिट्टी तुमच्या हातात देईन." आणि मुलांना फळीवर बसवून सांगितलं, "आज कुणी नाटक केलं तर मीच बाहेर काढीन. कळलं?" मुलांनी माना हलवल्या. सोम्यानंही.

पहिल्या अर्ध्यातच सोम्यानं गोल केला. पळाला नाही. बॉल त्याच्याकडे आला, त्यानं अंग वळवलं आणि अनवाणी पावलाच्या आतल्या बाजूनं नुसता ढकलला. बॉल दोन बांबूंच्या मधून आत गेला तेव्हा खटकचिंचोळीचा गोली अजून दुसरीकडे बघत होता.

शेवटची पाच-सात मिनिटं राहिली असतील. एकास शून्य. सोम्या मैदानाच्या मधोमध खाली बसला.

"नाटक! नाटक!" खटकचिंचोळीचे लोक ओरडायला लागले. "मास्तर, बघायलाव का? तुमचंच शिकवणं हाय!"

हावगेप्पा सवयीनं घागर उचलून निघाला. यांनी हात करून त्याला जागीच थांबवलं. धावत सोम्यापाशी गेले. सोम्याचा हात पोटरीवर नव्हता. बरगडीवर होता. यांनी ते पाहिलं नाही. गर्दीकडे पाठ होती आणि गर्दी ओरडत होती. पण मी पाहिलं. पन्नास पावलांवरून मला त्याचे ओठ दिसले.

मी उठले. चुन्याच्या रेघेपर्यंत गेले. रेघेच्या आत कधी कुणी बाई गेली नव्हती. मी गेले असते तर लोक काय म्हणाले असते, हे मनात आलं. कुमू मांडीवरून खांद्यावर घेताना जागी होऊन किरकिरली; तिला थोपटायला लागले. एवढंच. एवढ्यात सगळं झालं.

"उठ," यांचा आवाज आला. "माझ्या डोळ्यांसमोर नको. उठ!"

सोम्यानं वर बघितलं. गुरुजी म्हणाले म्हणून तो उठला. दहाएक पावलं चालला. बॉल त्याच्या दिशेनं आला, त्यानं पाय पुढे केला आणि तो तोंडावर पडला. लोक हसले. दुसऱ्यांदा तेच, म्हणून हसले. यांनी शिट्टी वाजवली आणि वेळकाढूपणाबद्दल खटकचिंचोळीला किक दिली.

त्यांचा एक मुलगा बॉल ठेवायला गेला. ठेवून मागे सरकला, पुन्हा पुढे आला, वाकून बघितलं. मग आपल्या पातळ आवाजात म्हणाला, "गुरुजी, ह्यो हालंना."

डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी यांना बाजूला घेतलं, मी पदराआड उभी राहून ऐकलं. लहानपणी ताप येऊन सांधे धरले होते का, वगैरे. काळजाचा रोग. अशा मुलांची वाढ खुंटते, दम लागतो, खोकलाही असतो. "वेळेवर कुणाच्या ध्यानात आलं असतं तर खेळणं बंद करून, औषध देऊन काही वर्षं काढली असती पोरानं."

मी मधेच विचारलं, "हे... दुसऱ्याला लागतं का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. "काळजाचा रोग कसा लागेल बाई?"

त्यांच्यात, लिंगायतांत, मयताला बसवून पुरतात. खड्डा मयताच्या पावलानं मोजतात, म्हणून जंगमांनी सोम्याचा तळवा दोरीनं मापून घेतला. त्याच्या अनवाणी तळव्यावर अजून मैदानाचा चुना होता. हे तिथं उभे होते. घरी आले ते थेट ट्रंकेपाशी गेले, शिट्टी आत टाकली, आणि पुन्हा कधी बाहेर काढली नाही. दोन वर्षांत यांनी मैदानाकडे बघितलं नाही. गणित शिकवायचं आणि घरी यायचं. मधेच जेवताना घास हातात घेऊन म्हणायचे, "मी त्याला उठवलं गं. तो बसला होता, मी उठवलं." मी म्हणायची, "तुम्हाला काय माहीत होतं?" सगळं ओझं त्यांच्या पाठीवर होतं आणि मी वरून पाठ थोपटत होते.

निघायच्या दिवशी ईरम्मा अकराच्या सुमाराला आली. हातात भाकरीची फडक्यात बांधलेली चवड आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. हे आणि हावगेप्पा बाहेर बैलगाडीत सामान चढवत होते. कुमू रिकाम्या पेटाऱ्यात बसून गाडी-गाडी खेळत होती.

"भाकरी आणलीया गाडीत खायला. शेंगाची चटणी आत ठेवलीया," ती म्हणाली, आणि चौकटीपाशी खाली बसली. "ह्यी कुणाची अक्का? माझ्या लेकराची कंची?"

मी तिचं बोट धरून एकेका रेघेवर ठेवलं. ही एक्कावन्नची. ही बावन्नची. ही त्रेपन्नची. तिनं दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, दोरा वर ओढला आणि पहिल्या रेघेपाशी गाठ मारली.

"फोटू न्हाई ना त्याचा. कप मिळाल्यावर काढणार होते म्हणं." दुसरी गाठ मारली. "तोंड याद हाय मला. पर केवढा होता ते इसरायला लागलंय बघा. सपनात येतंय. कवळावं म्हणून हात करते तर हात कुठं थांबवावा कळंना. खांद्याला लागत होता का छातीला?" तिसरी गाठ आधीच्या गाठीला इतकी चिकटून आली की तिला ती नखानं सोडवून पुन्हा मारावी लागली.

"गेल्या साली... न्हाई, त्याच्या आदल्या साली. शेवटची कुठंय अक्का?"

मी तिसऱ्या रेघेजवळची धूळ पदरानं पुसायला लागले.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," तिलाच माझी दया आली. "मला दिसत होतं, पोराला दम लागायलाय. रात्री आडवं पडवत नव्हतं त्याला. पोत्याला टेकून बसूनच निजायचा. बसूनच निजला अन् बसूनच मातीत गेला." तिनं दोरा गुंडाळायला घेतला. "बिदरला दवाखान्यात न्यावं म्हणून दोनदा निघाले होते. मग म्हटलं, अक्का रोज बघायल्यात त्याला, शिकलेल्या हायत. असतं काही तर सांगितलं असतं की त्यांनी. तुम्हाला बी कळलं न्हाई, मग मी तर अडाणी."

पेटाऱ्यातून कुमू ओरडली, "आई, गाडी सुटली!"

"मला कळलं होतं, ईरम्मा," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. बहिणीचा खोकला, पेला, कट्टा, दारात आडवी उभी राहिले ते. तू वाढतोस थोडाच, हेही. सांगताना मी चौकटीकडे बघत होते. सांगून झाल्यावर तिच्याकडे बघितलं. ती दोऱ्याच्या गाठींवरून बोट फिरवत होती.

"घरी आला तवा मी विचारलं होतं," ती हळू म्हणाली. "खूण केली का रं? तर म्हणाला, अक्काची पोरगी निजली होती, उठंल म्हणून मीच आत गेलो न्हाई." मग म्हणाली, "मीच गेलो न्हाई, म्हणाला."

बाहेर हावगेप्पा बैलांना शिव्या देत होता. ती उठली. मला वाटलं, आता बोलेल, शाप देईल. मला ते हवं होतं.

"त्यो पेला कुठंय?"

पेला मी टाकला नव्हता. बांधलाही नव्हता. कट्ट्याच्या टोकाला, त्यानं शेवटचा जिथं घातला होता तिथंच दोन पावसाळे पालथा पडून काळवंडला होता. मी आणायला निघाले तर तिनं हातानं मला थांबवलं. स्वतः मागच्या दारानं बाहेर गेली, उंबऱ्यापलीकडे उभी राहिली आणि पेला उचलला. पदरानं पुसला. काठावरून अंगठा फिरवला.

"त्याचं तोंड लागलंय ह्याला," ती म्हणाली. गुंडाळलेला दोरा तिनं पेल्यात ठेवला.

मी तिच्या पायाशी वाकायला गेले, तशी ती एक पाऊल मागे सरली. उंबरा आमच्या दोघींच्या मधे होता. ती बाहेर, मी आत.

"भाकरी घेऊन जा," ती म्हणाली. "पोरीसाठी. तुमच्यासाठी न्हाई."

आणि गल्लीनं निघून गेली.

गाडीला गर्दी नव्हती. कमलनगर मागे पडल्यावर कुमूला भूक लागली. मी फडकं सोडलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडून यांच्या तोंडात घातला, मग माझ्या तोंडाशी आणला. मी मान फिरवली.

"घे की," हे म्हणाले. "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"ही कुमूची आहे."

"अगं, एवढी चवड! ईरम्मानं काय एकट्या कुमूसाठी दिली?"

"हो," मी म्हटलं. "तसंच म्हणाली ती."

यांनी माझ्याकडे बघितलं. कुमूनं तो तुकडा स्वतःच खाल्ला आणि खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. उभी राहिली की खिडकीच्या खालच्या फळीला तिचं नाक लागत होतं. बाहेर जवारी कमरेएवढी झाली होती.

"तो तुम्ही उठवलंत म्हणून गेला नाही," मी म्हटलं. "तुम्हाला एक सांगायचंय. आधी ऐकून घ्या, मग बोला."